रक्तातून की गर्भातून?

१८२३ साली बर्लिनमध्ये एक बावीस वर्षांची बाई पाचव्या खेपेला गरोदर होती. तिची तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीला सारखं जावं लागत होतं आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. तपासणीत तिच्या लघवीत साखर सापडली. प्रसूतीच्या वेळी मूल अडलं आणि दगावलं. त्याचं वजन बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास भरलं. बाळंतपणानंतर मात्र बाईची तहान कमी होत गेली आणि लघवीतली साखरही नाहीशी झाली. हाइनरिख बेनेविट्झ या तरुण डॉक्टरने पुढच्याच वर्षी ही हकिकत लॅटिन प्रबंधात मांडली. हा मधुमेह म्हणजे गरोदरपणाचंच एक लक्षण, गरोदरपण सरलं की तोही सरतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

तो निष्कर्ष अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा भाग शोधायला पुढची दोनशे वर्षं लागली, आणि तो शोध आजही पुरा झालेला नाही. गरोदरपण सगळ्याच बायकांना येतं, मग साखर काहींचीच का वाढते? ती वाढ रक्ताच्या नात्याने आलेली असते का? आणि आईची वाढलेली साखर पोटातल्या बाळापर्यंत जाते ती जनुकांच्या वाटेने, की गर्भाशयातल्या नऊ महिन्यांच्या मुक्कामाने? आपल्याकडे सोनोग्राफीच्या रांगेत आणि सासरच्या ओट्यावर याचं उत्तर फार झटकन दिलं जातं. ‘आमच्यात कुणाला नाही बाई, ही साखर हिच्या माहेरची’, असं म्हटलं की विषय संपतो आणि दोष सुनेच्या पदरात पडतो. म्हणूनच हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा असं मला वाटतं.

बेनेविट्झनंतरची पन्नाससाठ वर्षं या विषयात फारसं काही घडलं नाही. १८८२ साली लंडनमध्ये जेम्स मॅथ्यूज डंकन यांनी सोळा बायकांच्या बावीस गरोदरपणांचा आढावा मांडला. मधुमेह फक्त गरोदरपणात येऊ शकतो, प्रसूतीनंतर जाऊ शकतो आणि पुढे कधीतरी परत उगवू शकतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण त्यांच्या नोंदींमध्ये मृत्यूच इतके आहेत की आनुवंशिकतेचा विचार करायला तिथे जागाच नव्हती. मधुमेह असलेली बाई बहुधा गरोदरपणापर्यंत पोहोचायची नाही, आणि पोहोचली तर बाळ हाती लागायचं नाही. कुळाचा आजार ओळखायचा तर आधी कूळ पुढे चालायला हवं.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि चित्र पालटलं. मधुमेही मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, त्यांना दिवस गेले. बोस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये १९२४ साली प्रिसिला व्हाइट नावाची तरुण डॉक्टर रुजू झाली. मधुमेही बायकांची बाळंतपणं सुखरूप पार पाडणं हे तिने आयुष्यभराचं काम मानलं. मधुमेह किती वर्षांचा आहे, डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम झाला आहे का, यावरून गरोदर बायकांची वर्गवारी करण्याची तिची पद्धत १९४९ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. याच बाईने त्याआधी, १९३३ साली, ग्रेगरी पिंकस यांच्यासोबत मधुमेहाच्या आनुवंशिकतेवर शोधनिबंध लिहिला होता. हे पिंकस म्हणजे पुढे संततिनियमनाच्या गोळीमुळे प्रसिद्धी पावलेले संशोधक. क्लिनिकमधल्या रुग्णांचे आईवडील, भावंडं, मुलं यांचे तपशील जमवून दोघांनी आकडेमोड केली. मेंडेलच्या वाटाण्यांमध्ये जसे सुप्त गुण उतरतात तसा मधुमेह एकाच सुप्त घटकामुळे उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष टिकला नाही. त्या काळी मधुमेहाचे प्रकारच वेगळे काढलेले नव्हते. लहान मुलांचा, प्रौढांचा, गरोदरपणातला असे सगळे एकाच खात्यात जमा होते, आणि वेगवेगळ्या आजारांची बेरीज करून एकच नियम शोधला जात होता. तरीही वंशाचा प्रश्न आणि बाळंतपणाचा प्रश्न पहिल्यांदा एकाच टेबलावर आले ते इथे, हे श्रेय व्हाइटबाईंना द्यायलाच हवं.

मग एक विलक्षण गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस पडू लागली. चाळिशीपन्नाशीत मधुमेह जडलेल्या बायकांची जुनी बाळंतपणं विचारली की अनेकींनी फार मोठी, वजनदार बाळं जन्माला घातल्याचं निघायचं. काही बाळं पोटातच गेलेली असायची. हे सगळं मधुमेहाचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं! म्हणजे आजार उघड होण्यापूर्वी शरीरात काहीतरी दडलेलं होतं आणि गरोदरपणाने ते क्षणभर वर आणलं होतं. बेल्जियमच्या लूव्हँ विद्यापीठातले जोसेफ होए यांनी १९५०च्या दशकात या धाग्यावर भर दिला. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी त्याच सुमारास बाळ मोठं होण्यामागची यंत्रणा मांडली. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. जादा साखर आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं, आणि गर्भात इन्सुलिन हे वाढीचं संप्रेरक असल्यामुळे बाळ फोफावतं. पेडरसन यांचं हे म्हणणं पुढच्या सगळ्या कथेचा पाया आहे.

आता बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये जाऊ. हे गावच्या पैशावर चालणारं, गोरगरिबांचं इस्पितळ. तिथे १९५४ पासून गरोदर बायकांच्या साखरेची पद्धतशीर तपासणी सुरू झाली. ह्यू विल्करसन यांनी सुरू केलेलं हे काम जॉन ओसुलिव्हन यांनी पुढे नेलं. पद्धत अशी: बाईने रात्रभर उपाशी राहून सकाळी यायचं. आधी एकदा रक्त द्यायचं. मग शंभर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि पुढे तीन तास, दर तासाला एकदा, पुन्हा रक्त द्यायचं. मळमळ होत असताना, रिकाम्या पोटी, एवढं गोड पाणी घशाखाली उतरवणं काय असतं ते ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक. अशा ७५२ बायकांचे आकडे ओसुलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर मॅहन यांनी १९६४ साली मांडले. उपाशीपोटी ९०, एका तासाने १६५, दोन तासांनी १४५ आणि तीन तासांनी १२५ मिलिग्रॅम, या चार मर्यादांपैकी किमान दोन ओलांडल्या की गरोदरपणातला मधुमेह.

या मर्यादा कशाच्या आधारावर ठरल्या, तिकडे सहसा लक्ष जात नाही. कोणाचं बाळ मोठं झालं, कोणाचं सीझर झालं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आधी तपासलेल्या बायकांच्या दुसऱ्या एका गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून, त्यांच्यापैकी पुढे खऱ्या मधुमेहाकडे कोण गेलं, यावर त्यांनी हे आकडे पारखले. म्हणजे गरोदरपणातल्या मधुमेहाची पहिली शास्त्रीय व्याख्या आईच्या भविष्यावरून झाली. नंतरच्या पंचेचाळीस वर्षांत अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज होऊन २००९ साली असा अंदाज निघाला की ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह होतो तिला पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सातपटीहून जास्त असते. बेनेविट्झच्या निष्कर्षातला कच्चा दुवा हाच होता. साखर गेली तरी तिच्यामागची प्रवृत्ती तशीच राहते.

ही प्रवृत्ती म्हणजे नेमकं काय? गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देऊ लागतं. बाळाला साखर मिळत राहावी यासाठीची ही निसर्गाची सोय. तिची भरपाई म्हणून स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दुप्पट जोमाने इन्सुलिन तयार करतात. बहुतेक बायकांना हे जमतं. ज्यांच्या बीटा पेशींकडे मुळातच राखीव बळ कमी आहे त्यांची साखर वर जाते. मे महिन्यात उपसा वाढला की कुठल्या विहिरीचे झरे जिवंत आहेत ते कळतं, तसं हे आहे. लॉस एंजेलिसमध्ये टॉमस ब्युकॅनन यांनी तिथल्या लॅटिन वंशाच्या बायकांचा प्रसूतीनंतरही अभ्यास केला, तेव्हा बीटा पेशींमधली ही उणीव गरोदरपण संपल्यावरही तशीच राहिलेली दिसली. मग तिचं मूळ जन्मजात जडणघडणीत, म्हणजे जनुकांमध्ये, शोधणं ओघानेच आलं.

पण त्या वाटेवर एक मोठा पेच होता, आणि तो अॅरिझोनाच्या वाळवंटात उलगडला. हिला नदीकाठी राहणारे पिमा लोक स्वतःला अकिमेल ओऽदम, म्हणजे नदीचे लोक, म्हणवतात. कालव्यांवर शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला वसाहती झाल्या, पाणी वळवलं गेलं, शेती बसली आणि सरकारी शिध्यातलं पीठ, साखर, चरबी हे जेवण झालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं. १९६५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तिथे अभ्यास मांडला. दर दोन वर्षांनी घरटी सगळ्यांची साखर तपासायची, गरोदर बायकांचीही, आणि मुलांची वाढ नोंदवत राहायचं. जेम्स नील यांनी १९६२ साली मांडलेली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना तेव्हा चर्चेत होती. दुष्काळात जगवणारी जनुकं सुबत्तेत आजार आणतात, अशी ती कल्पना. पिमांवर ती इतक्या सहजपणे चिकटवली गेली की त्यांचं पाणी कुणी पळवलं हा प्रश्न मागे पडला. असं एकच काटकसरी जनुक पुढे सापडलं नाही.

सापडलं ते वेगळंच. डेव्हिड पेटिट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली वीस ते चोवीस वर्षांच्या पिमा तरुणांची आईच्या इतिहासानुसार तीन गटांत मांडणी केली. ज्यांच्या आईला गरोदरपणातच मधुमेह होता, त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांना विशीतच टाइप २ मधुमेह झालेला होता. ज्यांच्या आईला कधीच मधुमेह झाला नाही, त्यांच्यात हे प्रमाण १.४ टक्के होतं. खरा प्रकाश पडला तो मधल्या गटामुळे. ज्यांच्या आईला मधुमेह झाला, पण प्रसूतीनंतर काही वर्षांनी, त्यांच्यात प्रमाण होतं ८.६ टक्के. पहिल्या आणि मधल्या गटातल्या आयांची आनुवंशिक प्रवृत्ती ढोबळ मानाने सारखीच. फरक एवढाच की एका गटातली बाळं साखरेत वाढली आणि दुसऱ्या गटातली नाही.

तरी कुणी म्हणेल, ज्यांना लवकर मधुमेह झाला त्यांची जनुकंच अधिक वाईट असतील. त्यालाही २००० साली डाना डबेलिया यांनी उत्तर दिलं. त्यांनी एकाच आईची मुलं घेतली, थोरलं भावंड आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं आणि धाकटं नंतर. नंतर जन्मलेल्या भावंडांमध्ये मधुमेहाची शक्यता साडेतीनपटीहून अधिक निघाली आणि ती जाडही जास्त होती. वडिलांना मधुमेह होण्याआधीची आणि नंतरची मुलं ताडून पाहिली तर असा फरक दिसला नाही. एकाच घरातली, एकाच चुलीवरची भावंडं, आणि फरक पडला तो गर्भातल्या दिवसांनी. शिकागोचे नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी १९८० सालच्या बॅंटिंग व्याख्यानात हाच विचार आधी मांडला होता, की गर्भात मिळणारं इंधनच बाळाच्या पुढच्या आयुष्यावर ठसा उमटवतं. त्याला आता माणसांच्या आयुष्यातला पुरावा मिळाला.

यातून आनुवंशिकतेच्या अभ्यासकांपुढे मोठीच अडचण उभी राहिली. आईला मधुमेह, मुलीला मधुमेह, नातीला गरोदरपणात मधुमेह, असा वंशवृक्ष दिसला की आपण म्हणतो, जनुकं. पण प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या साखरेत वाढलेली असेल, तर जनुकांशिवायही हाच वंशवृक्ष तयार होऊ शकतो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांच्या आईवडिलांची चौकशी केली तेव्हा वडिलांपेक्षा आईला मधुमेह असल्याचं प्रमाण जास्त निघालं, अशी नोंद १९८५ साली अमेरिकेत झाली. ‘माहेरची साखर’ म्हणणाऱ्यांना हे सोयीचं वाटेल. पण त्यात आजीच्या गर्भाचा वाटा किती आणि आजीच्या जनुकांचा किती, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही.

दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या त्या एका दुर्मीळ दोषाने. काही कुटुंबांत मधुमेह कोवळ्या वयात, सौम्य रूपात आणि थेट पिढी दर पिढी उतरतो, हे लंडनच्या रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली दाखवलं होतं. १९९२ साली पॅरिसमध्ये फिलिप फ्रोगेल यांच्या गटाला अशा काही फ्रेंच कुटुंबांमध्ये दोष सापडला तो ग्लुकोकायनेज या जनुकात. ऑक्सफर्डमध्ये अँड्र्यू हॅटर्सली यांनाही त्याच वर्षी एका मोठ्या इंग्लिश कुटुंबात त्याच जनुकाचा धागा मिळाला. ग्लुकोकायनेज म्हणजे बीटा पेशींचा साखर ओळखणारा पहारेकरी. त्याची एक प्रत बिघडलेली असेल तर पेशींना साखर आहे त्यापेक्षा कमी वाटते. परिणामी उपाशीपोटीची साखर आयुष्यभर थोडी चढी राहते. माणूस ठणठणीत असतो, औषध लागत नाही. बायकांच्या बाबतीत ही चढी साखर बहुधा पहिल्या गरोदरपणाच्या तपासणीतच उघडकीला येते, आणि शिक्का बसतो गरोदरपणातल्या मधुमेहाचा.

हॅटर्सली पुढे इंग्लंडच्या एक्सेटर गावी गेले. तिथे त्यांनी या कुटुंबांतल्या बाळांची जन्मावेळची वजनं गोळा केली. दोष एकाच प्रतीत असल्याने प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे निसर्गाने आपणहून चार प्रकारच्या जोड्या तयार करून ठेवल्या होत्या. १९९८ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. आईला दोष, बाळाला नाही, अशा वेळी बाळ सरासरी ६०१ ग्रॅमने जड. आईची साखर चढी, बाळाचा पहारेकरी चोख, त्यामुळे बाळाने भरपूर इन्सुलिन तयार केलं आणि ते वाढलं. दोष बाळालाच मिळाला तर त्याचा परिणाम नेमका उलटा, बाळ सरासरी ५३३ ग्रॅमने हलकं. तो दोष वडिलांकडून आलेला असेल, तर आईची साखर अगदी ठीक असतानाही बाळ लहान भरतं, कारण त्याला समोरची साखर नीट ओळखूच येत नाही. आणि दोष आई व बाळ दोघांनाही असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना काटतात, वजन जवळपास नेहमीसारखं.

मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नव्हता. आईचं जनुक गर्भाशयातलं वातावरण घडवतं, बाळाचं जनुक त्या वातावरणाला उत्तर देतं, आणि बाळाच्या जनुकांचा अर्धा हिस्सा वडिलांकडचा असतो. बाळाच्या वजनाचा सारा हिशेब आईच्या नावावर मांडणं शास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आहे, याला इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. यातून उपचारही बदलले. हा दोष असलेल्या आईच्या पोटात दोष मिळालेलंच बाळ असेल, तर आईला इन्सुलिन देऊन साखर खाली आणण्याने फायदा नाही, उलट बाळ खुरटण्याचा धोका. म्हणून अशा गरोदरपणात सोनोग्राफीत बाळाची वाढ पाहून निर्णय घेतात. आईच्याच रक्तात तरंगणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून दोष ओळखण्याची पद्धतही आता विकसित झाली आहे. हजारात साधारण एका माणसात हा दोष असतो. गरोदरपणात मधुमेह निघालेल्या शंभर बायकांमध्ये जेमतेम एक.

उरलेल्या नव्व्याण्णव जणींचं काय? त्यांच्यात एखादं मोठं बिघडलेलं जनुक नसतं, तर अनेक जनुकांमधले बारीक फरक असतात. ते शोधायची साधनं एकविसाव्या शतकात हाती आली. २००६ साली आइसलँडच्या संशोधकांना टीसीएफ७एल२ या जनुकातला फरक सापडला. टाइप २ मधुमेहाशी इतका ठाम संबंध असलेला सर्वसामान्य फरक तोवर मिळाला नव्हता. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये तोच फरक गरोदरपणातल्या मधुमेहाशीही जोडलेला दिसला. २०१२ साली कोरियाच्या शास्त्रज्ञांनी गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांच्या संपूर्ण जनुकसंचाची पाहणी केली. तिथे सीडीकेएएल१ आणि एमटीएनआर१बी ही दोन नावं ठळकपणे वर आली. यातलं दुसरं जनुक मेलाटोनिनच्या, म्हणजे रात्रीच्या झोपेशी निगडित संप्रेरकाच्या, ग्राहकाचं. त्यातला विशिष्ट फरक बीटा पेशींना इन्सुलिन सोडताना हात आखडता घ्यायला लावतो.

याच काळात बॉइड मेट्झगर यांच्या पुढाकाराने ९ देशांतल्या १५ केंद्रांवर पंचवीस हजारांहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास झाला. आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळाचा धोका वाढतो, मध्ये कुठेही स्पष्ट उंबरठा नाही, हे २००८ साली त्यातून कळलं, आणि निदानाचे आकडे अनेक देशांत बदलले. त्याच बायकांच्या डीएनएवरून २०१३ साली एचकेडीसी१ हे जनुक पुढे आलं. तोवर ते फारसं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. गरोदरपणातल्या साखरेवर त्याचा परिणाम दिसतो, पण गरोदरपणाबाहेर त्याचा ठसा जवळपास सापडत नाही. २०२२ साली वेगवेगळ्या वंशांच्या, मधुमेह झालेल्या ५,४८५ आणि न झालेल्या ३,४७,८५६ बायकांची माहिती एकत्र केली तेव्हा जनुकसंचातल्या पाच ठिकाणी निर्विवाद संबंध मिळाला. वर आलेली चारही जनुकं त्यात होती. २०२४ साली फिनलंडमध्ये मधुमेह झालेल्या १२,३३२ बायकांच्या पाहणीतून अशी तेरा ठिकाणं मिळाली, त्यातली नऊ नवी. ती दोन गटांत पडतात. काही टाइप २ मधुमेहाशी सामाईक, तर काही मुख्यतः गरोदरपणातच काम दाखवणारी. बेनेविट्झ या आजाराला गरोदरपणाचं लक्षण म्हणत होता, त्यात तथ्य होतं ते इथे.

आता आपल्याकडे वळू, कारण या कथेचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात विणला गेला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या बायकांचा गरोदरपणापूर्वीपासून अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, किडकिडीत बायका. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं साडेतीन किलोच्या घरात. आपली बाळं स्नायूंनी, पोटाच्या अवयवांनी लहान होती. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी चिमट्याने मोजली तर ती जवळपास शाबूत! वरून बारीक आणि आतून स्थूल असं हे भारतीय बाळ २००३ साली जगापुढे आलं. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही तुलनेने जास्त होतं.

मग ही भारतीय जनुकांची करामत का? याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक यांनी पुण्यातल्या मधुमेहींमध्ये टीसीएफ७एल२ तपासलं. २००७ साली उत्तर आलं की संबंध पक्का आहे, पण त्याची ताकद युरोपीय लोकांमधल्याइतकीच. निदान या सर्वांत बलवान जनुकावरून तरी भारतीयांचा जादा मधुमेह समजावता येत नव्हता. नजर पुन्हा गर्भाकडे वळली. आईचं पोषण, तिच्यातली बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, तिची साखर, या सगळ्यांकडे. त्याच खेड्यांत जन्मलेल्या मुलामुलींना किशोरवयातच बी१२ देऊन त्यांच्या पुढच्या बाळांवर काय परिणाम होतो हे पाहणारा ‘प्रिया’ हा प्रयोग २०१२ साली सुरू झाला.

चेन्नईत डॉ. वीरास्वामी शेषय्या यांनी दुसरी बाजू लावून धरली. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी निवडक बायकांची न करता प्रत्येकीची व्हावी, हा त्यांचा आग्रह. दूरवरून बस पकडून आलेल्या बाईला उद्या उपाशी ये म्हटलं तर ती येत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून ती जेवून आली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. साखर १४० किंवा अधिक निघाली तर मधुमेह. या पद्धतीच्या नेमकेपणावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. तरीही केंद्र सरकारने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती स्वीकारली, आणि ती योग्यच गोष्ट झाली असं मी म्हणेन, कारण न झालेल्या अचूक तपासणीपेक्षा झालेली साधी तपासणी बाईच्या उपयोगाची. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा, अशी ती आता आरोग्य केंद्रांवर व्हायची असते.

मग जनुकांच्या एवढ्या शोधांचा दवाखान्यात काय उपयोग झाला? ग्लुकोकायनेजसारखा दोष असलेल्या थोड्या कुटुंबांचे उपचार खरोखर बदलले. बाकीच्यांसाठी जनुकचाचणीवरून भाकीत करण्याइतकी ताकद अजून आलेली नाही. आईवडिलांना, भावंडांना मधुमेह आहे का, आधीच्या खेपेला साखर वाढली होती का, वय आणि वजन किती, हे प्रश्न आणि एक ग्लास गोड पाणी यांवरून त्याहून जास्त कळतं. शोधांनी केलेलं मोठं काम समजुतीचं आहे. ही प्रवृत्ती बीटा पेशींच्या राखीव बळाची आहे, खादाडपणाची नाही. तिच्यात दोन्ही घराण्यांचा वाटा असू शकतो. आणि तिचा गर्भातून जाणारा भाग अडवता येतो, कारण साखर आटोक्यात ठेवता येते.

सगळ्यात कच्चं राहिलं आहे ते ओसुलिव्हन यांनी पहिल्या दिवसापासून महत्त्वाचं मानलेलं काम, प्रसूतीनंतर आईकडे पाहण्याचं. सरकारी सूचनांप्रमाणे सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा तपासायची असते. पण आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते, कागद सासरच्या दवाखान्यात राहतात, सव्वा महिना संपतो, बाळाच्या लसींच्या तारखा सगळ्यांच्या लक्षात असतात आणि तिच्या तपासणीची तारीख कुणाच्याच लक्षात नसते. बाळाला दीड महिन्याच्या लसीसाठी नेतील तेव्हा, त्याच दिवशी, त्याच केंद्रावर आईचंही रक्त घेतलं, तर तिला वेगळी खेप पडणार नाही. तिथे सुई, परिचारिका आणि ग्लुकोज सगळं असतं. तिच्या कार्डावर ती तारीख बाळाच्या लसीच्या शेजारीच लिहून द्यायला हवी.